मासा पाळण्याआधी पाणी पाळायला शिकू या

ईदीचे पैसे हातात आले की मुलांच्या मनात जी खरेदी घोळते, त्यात काचेच्या भांड्यातला सोनेरी मासा हमखास असतो. भांडे घरी येते, दोन दिवस सगळे घर त्याच्याभोवती जमते आणि आठवड्याभरात मासा उलटा होऊन तरंगू लागतो. मग अम्मी म्हणते, "मासेच नाजूक होते." अलीकडे काही घरांत हौस आणखी वाढली आहे. दिवाणखान्यात चार-चार फुटी टाकी हवी, तीही समुद्राच्या पाण्याची, आत रंगीत प्रवाळ. हौस वाईट नाही. पण काचेत आपण मासा नव्हे, पाणी ठेवत असतो आणि मासा त्या पाण्यात जगतो, ही गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत लहानांनाही ठाऊक असते. कोंडलेल्या जिवाला स्वतःची सोय स्वतः करता येत नाही, म्हणून त्याची जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते. टाकीतल्या माशाचे तसेच आहे. फरक इतकाच, की मांजर उपाशी मरते आणि घरातला मासा बहुधा जास्त खाऊ घातल्याने मरतो. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात आणि पाणी विषारी होते.

पाणी सांभाळणे म्हणजे काय, याचा फार चांगला धडा आपल्या मावळातच आहे. लोणावळ्याचे वळवण धरण आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खोपोलीचे टाटांचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, त्याला पाणी पुरवणाऱ्या तलावांपैकी हा एक. याच वळवणला १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने महसीर माशाचे बीज तयार करण्याचे काम हाती घेतले. राज्याच्या मत्स्य खात्याचे निवृत्त संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत.

हा मासा आपल्याच नद्यांचा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. धरणे झाली, नद्या मैल्या झाल्या, अंडी घालायच्या वाटा अडल्या आणि महसीर कमी होत गेला.

वळवणला काय करावे लागले, ते पाहण्यासारखे आहे. पिकलेल्या मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, त्यात नराचे वीर्य मिसळायचे आणि ती अंडी उथळ ट्रेमध्ये वाहत्या, स्वच्छ पाण्याखाली पसरायची. महसीरची अंडी जड असतात, तळाशी बसतात. त्यांना प्राणवायू मिळाला नाही तर ती गुदमरतात. एक अंडे मेले की त्यावर बुरशी येते आणि शेजारच्या अंड्यांना लागते, म्हणून मेलेली अंडी वेचून काढावी लागतात. पिल्ले बाहेर यायला साधारण तीन-चार दिवस लागतात आणि पुढचे काही दिवस ती अंधाऱ्या कोपऱ्यात गोळा होऊन पडून राहतात. या सगळ्या काळात खाणे देण्याचा प्रश्नच नसतो. काम एकच, पाणी राखणे. कुलकर्णी आणि ओगले यांनी तर ओल्या कापसात ठेवून ही अंडी विमानाने दूर पाठवता येतात, हेही दाखवले. भरपूर पाण्यापेक्षा ओलावा आणि हवा महत्त्वाची, हे त्यांनी ओळखले होते.

आता हाच धडा घरच्या टाकीत आणू या.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ असते आणि मासा तडफडत असतो. फिल्टरच्या स्पंजवर व वाळूत राहणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते, नायट्रेट बरेच सौम्य. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आज आणि मासे आजच, हा बेत चुकीचा. टाकी भरावी, फिल्टर चालू करावा, चिमूटभर खाणे कुजू द्यावे, दुकानात मिळणाऱ्या किटने पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की दोन-तीनच मासे आणावेत. बाकीचे पुढच्या महिन्यांत.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते माशाचे कल्ले आणि हे जिवाणू दोन्ही मारते. पाणी बादलीत एक दिवस हवेच्या पंपासह ठेवावे किंवा दुकानातले क्लोरीन घालवणारे औषध प्रमाणात वापरावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून पांढराशुभ्र करू नये; टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. दर आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलावे, सगळे एकदम कधीच नाही. लोणावळ्याचे पाणी मुसळधार पावसाचे, काळ्या कातळावरून आलेले. ते सहसा मऊ असते, क्षार कमी. अशा पाण्याचा सामू पटकन घसरतो, म्हणून पावसाळ्यात तपासणी जास्त वेळा करावी. याच दिवसांत वीजही जाते. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप शंभर औषधांपेक्षा उपयोगी.

गोड्या पाण्यात वर्षभर हे जमले, तरच समुद्री टाकीचा विचार करावा. का, ते हिशेबाने पाहू. १२० सेंटीमीटर लांब, ६० रुंद आणि ५५ उंच टाकीत सुमारे ४०० लिटर पाणी मावते. म्हणजे पाण्याचेच वजन ४०० किलो. काच, दगड, स्टँड धरून अर्ध्या टनाच्या वर. जुन्या माळ्याच्या घरात हे पेलेल का, आधी विचारावे. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पहिल्या भरणीलाच १४ किलो मीठ. हे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे, समुद्री टाकीसाठी बनवलेले खास मिश्रण. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे तर दीड किलोच्या आसपास मीठ आणि ४० लिटर आरओचे पाणी. आरओ यंत्र एवढे पाणी काढताना तेवढेच, कधी दुप्पट-तिप्पट पाणी बाहेर टाकते. ते लादी पुसायला, भांडी घासायला वापरले नाही तर आपण नुसता इसराफ करतो.

पाणी उडून जाते तेव्हा मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट साध्या आरओच्या पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. नाहीतर टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते. प्रवाळ म्हणजे दगड किंवा रोप नव्हे, तो प्राणी आहे. तो पाण्यातल्या कॅल्शियमपासून आपला सांगाडा बांधतो. लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम सतत लागते. तापमान २४ ते २७ अंश. लोणावळ्याच्या डिसेंबरात हीटर आणि एप्रिल-मेमध्ये थंड करणारे यंत्र, दोन्ही आले. शिवाय समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या वर असतो आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. इथे चुकीला जागा फार थोडी.

कायद्याचीही बाजू आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही येतात. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. आपल्या समुद्रातून तोडलेला प्रवाळ कोणी स्वस्तात देत असेल तर तो गुन्ह्याचा माल आहे. विक्रेता कागद दाखवू शकत नसेल, तर घेऊच नये.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि तोही वळवणनेच शिकवला. तिथले महसीर बीज देशात अनेक ठिकाणी सोडले गेले, कावेरीतही. हेतू चांगला होता. पण कावेरीचा स्वतःचा वेगळा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला. बाहेरून आलेला महसीर तिथे फोफावला आणि मूळचा झपाट्याने घटला. २०१८ मध्ये कावेरीच्या महसीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आपला दख्खनी महसीर मात्र धोक्याच्या यादीतून खाली आला. शास्त्रज्ञांच्या मते या घसरणीच्या मोठ्या कारणांपैकी बाहेरचा महसीर सोडणे हे एक आहे. एका पाण्यातले पुण्य दुसऱ्या पाण्यात नुकसान ठरले.

जाणत्या माणसांच्या हातून हे होते, तर आपण अधिक जपायला हवे. टाकीत मावेनासा झालेला सकर मासा "जीव वाचवू" म्हणून इंद्रायणीत सोडण्याची सवय अनेकांना असते. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आज हा दक्षिण अमेरिकेचा मासा सापडतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, दुसऱ्या हौशी घराला द्यावा. तलावात, ओढ्यात, धरणात कधीही नाही.

तेव्हा मुलाने हट्ट धरलाच तर नाही म्हणू नका. आधी एक वही द्या. त्यात दर शुक्रवारी तारीख, तापमान, अमोनिया, नायट्रेट आणि किती पाणी बदलले हे त्याने लिहायचे. दीड महिना रिकाम्या टाकीची वही ज्याने नीट ठेवली, त्याच्या हाती मासा सोपवायला हरकत नाही.