यंदाचे सिनेमे आणि शेवटची एसटी

डिसेंबर आला की सगळीकडे ‘वर्षातले बेस्ट सिनेमे’ अशा याद्या सुरू होतात. आमच्यासारखे सिनेमावर लिहिणारे त्या करतात, तुम्ही त्या स्क्रोल करता. पण अणदूरच्या कॉलेजवाल्यांनो, खरं सांगा, त्यातले किती सिनेमे तुम्ही मोठ्या पडद्यावर बघितले? त्यासाठी गाठायचं सोलापूर, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. त्यात मराठी सिनेमाला शो मिळणार भर दुपारचा, नाहीतर रात्रीचा. लेक्चर बुडवायचं की शेवटची एसटी? आपला खंडोबासुद्धा नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि ठरल्याप्रमाणे परत येतो. सिनेमा आठवड्यात उतरला की गेलाच.

तरी २०२५ मधला माझा एक नंबर ऐकाच: जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’. ७ मार्चला आला. टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता २०२३ मध्ये. आपल्यापर्यंत पोचायला दीड वर्ष लागलं. गोष्ट विदर्भातल्या खेड्यातली. सविता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला एमपीएससी द्यायचीय. वडिलांच्या कापसाला भाव नाही आणि घरात घाई तिच्या लग्नाची. पाहुणे येतात, तिला स्टुलावर बसवतात, नाव, उंची, शिक्षण विचारतात, पोहे खातात आणि निघतात. मग दुसरे पाहुणे. स्टूल तेच, प्रश्न तेच. आधी हसू येतं, नंतर येईनासं होतं. सविता झालेली नंदिनी चिकटे आणि बाकीचे बहुतेक जण कसलेले नट नाहीत, तिकडचीच साधी माणसं आहेत. म्हणून ते पाहुणे आपल्याच भावकीतले वाटतात.

कापसाच्या जागी सोयाबीन ठेवा, तिकडच्या बोलीच्या जागी आपली. झाली की तुमच्या वर्गातल्या मुलीची गोष्ट! सेकंड इयरला पहिल्या बाकावर बसणारी, थर्ड इयरला अचानक दिसेनाशी झालेली. हा सिनेमा मुलींना दाखवायची फारशी गरज नाही, त्यांना तो पाठ आहे.

दुसरा ‘साबर बोंडं’. रोहन कानवडे यांच्या या सिनेमाने सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि शेतात राबणारा त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या, या दोघांमधलं हे प्रेम. ‘लग्न कधी?’ हा प्रश्न इथेही पाठ सोडत नाही. सिनेमा संथ आहे, मोबाइल बाजूला ठेवूनच बघा. आनंदची आई सगळं ओळखून आहे. तिच्यासाठी तर बघाच.

‘दशावतार’बद्दल मी वेगळं काय सांगणार? ८१ व्या वर्षी दिलीप प्रभावळकर अख्खा सिनेमा खांद्यावर घेतात, एवढं पुरे. आणि ‘आता थांबायचं नाय’ एटीकेटी लागलेल्या मित्राला जरूर दाखवा. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, अशी ती खऱ्या घटनेवरची गोष्ट आहे. थोडा गोड आहे, पण चालतं.

हे दोन झी५ वर आहेत. पण ‘स्थळ’ एकेकट्याने मोबाइलवर बघू नका. कॉलेजात प्रोजेक्टर असेल, एखादे सर नाहीतर मॅडम सिनेमावेड्या असतीलच. रीतसर परवानगी काढा, हॉल मागा, दिवसाउजेडी शो लावा, म्हणजे मुलींनाही घरी वेळेत पोचता येईल.

आणि पोरांनो, त्या दिवशी मागच्या बाकावर नाही, पुढच्या रांगेत बसायचं. सिनेमाची सुरुवातच अशी आहे, की स्टुलावर मुलगा बसलाय आणि प्रश्न बायका विचारतायत.