पहिल्या व्यावसायिक कबड्डीचें अजिंक्यपद

ओहोटी लागली म्हणजे आमच्या थळच्या किनाऱ्यावर मुलें ओल्या वाळूंत पायानेंच रेघ ओढून हुतूतू खेळूं लागतात. ह्या खेळास ना चेंडू लागतो, ना बॅट; गडी जमले आणि छातींत दम असला म्हणजे झालें. असा हा बिनखर्चाचा खेळ कित्येकांच्या चरितार्थाचें साधन कसा झाला, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें ह्या खेळाचें प्रात्यक्षिक दाखविलें. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीस स्थान मिळून भारतास सुवर्णपदक लाभलें. तरीहि नामांकित गड्यांची मुख्य भिस्त रेल्वे, पोलीस इत्यादि खात्यांतील नोकरीवरच असे. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग निघाली आणि लिलावानें गडी घेऊन त्यांस मोबदला देण्याची प्रथा पडली. त्या वर्षीं राकेश कुमार ह्यांस पाटण्याच्या संघानें १२ लक्ष ८० हजार रुपयांस घेतलें.

एकंदर आठ संघ होते. २६ जुलै रोजीं मुंबईस वरळी येथें पहिला सामना झाला. त्यांत अनुप कुमार ह्यांच्या नेतृत्वाखालीं यू मुंबानें जयपूर पिंक पँथर्सचा ४५–३१ असा पराभव केला. पुढें प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशीं दोनदां खेळला, आणि ३१ ऑगस्ट रोजीं अंतिम सामन्यास मुंबईंतच तेच दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे राहिले. ह्या वेळीं मात्र जयपूरनें ३५–२४ अशी बाजी मारून पहिलें अजिंक्यपद मिळविलें.

असें कां व्हावें? त्या स्पर्धेंत साखळींतील गुण संघास उपांत्य सामन्यापर्यंत पोंचवीत असत. तेथून पुढें गणना पुन्हां शून्यापासून. शिवाय ह्या खेळांत गडी बाद झाला कीं गुण तर जातोच, पण मैदानांतील एक रक्षकहि कमी होतो. सगळा संघ बाद झाल्यास प्रतिपक्षास आणखी दोन गुण मिळतात. म्हणून एकदां लागलेली गळती थांबविणें कठीण असतें.

वाळूच्या जागीं मॅट आली आणि चढाईस ३० सेकंदांची मर्यादा पडली. परंतु दम न सोडतां मधली रेघ गांठावयाची, हा नियम तोच आहे. हरलेल्या मुंबईकरांनींहि दम सोडला नाहीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१५ सालीं, बेंगळुरू बुल्सवर ३६–३० अशी मात करून त्यांनीं अजिंक्यपद पटकाविलें. बालमित्रहो, बाद झालेला गडी पुन्हां मैदानांत येऊं शकतो, ही ह्याच खेळाची शिकवण होय.