घरी घडविलेला सागरी खडक

दगड म्हटला की जड, मुकी आणि निर्जीव अशी वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते. मन कठोर असलेल्या माणसाला 'पाषाणहृदयी' म्हणण्याची रीतही त्यातूनच पडली. परंतु उष्ण प्रदेशांतील उथळ समुद्रात एक खडक असा आहे, की त्याला हे वर्णन मुळीच लागू पडत नाही. तो प्राण्यांनीच बांधलेला असतो, आणि त्याच्या छिद्राछिद्रांत असंख्य जीव नांदत असतात. त्याला प्रवाळखडक म्हणतात.

प्रवाळ हा एक लहानसा प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम घेऊन तो स्वतःभोवती चुनखडीची एक कठीण वाटी घडवितो आणि तिच्यात राहतो. असे लक्षावधी प्राणी एकमेकांना चिकटून वस्ती करतात. जुने मरतात, नवे त्यांच्या सांगाड्यांवर आपले घर उभारतात, आणि अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांतून प्रवाळभित्ती तयार होते. हे काम अतिशय संथ गतीने चालते. गोलसर व भरीव जातीचे प्रवाळ वर्षाकाठी एखादा सेंटिमीटर वाढले तरी पुष्कळ झाले. अशा भित्तींनी सागरतळाचा शेकडा एक भागही व्यापलेला नाही. तरीही समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जातींचे जीव त्यांच्या आश्रयाने जगतात. भारतात लक्षद्वीप, अंदमान व निकोबार, कच्छचे आखात आणि मन्नारचे आखात येथे अशा भित्ती आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातही काही जातींचे प्रवाळ आढळतात.

खाऱ्या पाण्याची काचपेटी करून तीत सागरी मासे व प्रवाळ पाळण्याचा छंद जगात पुष्कळांना आहे. अशा पेटीत खडक ठेवतात, तो केवळ शोभेसाठी नव्हे. मासे पाण्यात श्वास घेतात, अन्न खातात आणि अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया हे माशांना विष आहे. अफाट समुद्रात ते विरून जाते. पण पेटीतील थोडक्या पाण्यात ते साठत राहिले, तर मासे दगावतात. सच्छिद्र खडकावर राहणारे सूक्ष्म जीवाणू या संकटातून त्यांना वाचवितात. काही जीवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट हे पहिल्या दोहोंच्या मानाने पुष्कळच सौम्य असते. खडकाच्या अगदी आतल्या भागात प्राणवायू फारसा पोहोचत नाही. तेथे राहणारे तिसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात, आणि तो वायू पाण्याबाहेर निघून जातो.

या कामाला सच्छिद्र खडकच का हवा, हे एका सोप्या हिशेबाने समजेल. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असा एक भरीव ठोकळा घेतला, तर त्याचा पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच ठोकळ्याचे एकेक सेंटिमीटरचे हजार तुकडे केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६,००० चौरस सेंटिमीटर होतो. वस्तू तेवढीच; पण जीवाणूंना राहण्यास जागा दसपट. खडकातील छिद्रेही हेच कार्य करतात.

असा खडक मिळविण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो समुद्रातून उचलून आणणे. पुष्कळ वर्षे जगात तेच चालले होते. परंतु शेकडो वर्षांत जे उभे राहिले, ते एका दुपारी पहारीने फोडून नेले, तर ते पुन्हा केव्हा भरून यावे? अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत असा खडक काढून विकण्याचा मोठा धंदा होता. तो १९९७ पर्यंत कायद्याने बंद करण्यात आला. भारतात वन्य जीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला, आणि २००१ साली भित्ती बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना त्याचे संरक्षण मिळाले. हे संरक्षण किती निकडीचे होते, याची साक्ष मन्नारचे आखात देते. तेथे चुन्यासाठी व बांधकामासाठी वर्षानुवर्षे प्रवाळ खणून नेण्यात आले. लाटांना अडविणारी भिंत नाहीशी होऊ लागली, बेटांची झीज झाली, आणि एकवीस बेटांपैकी दोन बेटे अखेर पाण्याखाली गेली.

मग छंदही जोपासावा आणि समुद्राचीही हानी होऊ नये, यासाठी काय करावे? या प्रश्नातून घरीच खडक तयार करण्याची युक्ती निघाली. त्यासाठी लागणारे साहित्य अगदी साधे आहे : सिमेंट, शिंपल्यांचा भरडा, जाडे मीठ आणि पाणी. शिंपल्यांचा भरडा कोंबड्यांच्या खाद्यासाठी बाजारात मिळतो. शिंपला आणि प्रवाळाचा सांगाडा हे दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचेच बनलेले असल्यामुळे तो या कामाला फार सोयीचा आहे.

साधारणपणे एक माप सिमेंट, दोन मापे भरडा आणि दोन मापे मीठ असे मिश्रण कोरडेच कालवून घेतात. ओले सिमेंट कातडीला पोळते व त्याची धूळ छातीत गेल्यास अपाय होतो. म्हणून हे काम वडील माणसांच्या देखरेखीखाली, हातांत रबरी मोजे घालून आणि नाकातोंडावर फडके बांधून करावयाचे असते. मग पाणी अगदी बेताने घालतात. त्याचे कारण असे की, शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅमच मीठ विरघळू शकते. पाणी थोडे असले म्हणजे ते लवकरच मिठाने तृप्त होते, आणि उरलेले खडे मिश्रणात तसेच राहतात. पुढे सिमेंट घट्ट झाल्यावर खडक पाण्यात बुडविला, की ते खडे विरघळून जातात आणि त्यांच्या जागी छिद्रे उरतात. मीठ फार घातले तर मात्र खडक ठिसूळ होतो.

एका खोक्यात ओलसर वाळू पसरून तीत हातानेच ओबडधोबड खळगे करतात व मिश्रण त्यांत टाकतात. मध्ये ओल्या वाळूचे गोळे ठेवले, तर पुढे त्या जागी माशांना लपण्यासाठी लहान गुहा तयार होतात. बळकटीसाठी लोखंडी तार मात्र घालू नये. खाऱ्या पाण्यात ती गंजते. दोन-तीन दिवस खडकावर ओले फडके झाकून ठेवतात. सिमेंट 'वाळून' घट्ट होते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते; म्हणूनच त्याला ओलावा हवा असतो.

खडक आता तयार दिसतो. पण तो लगेच पेटीत ठेवला तर अनर्थ होईल. सिमेंट घट्ट होताना त्यातून चुना सुटतो, आणि खडकाभोवतीचे पाणी चुन्याच्या निवळीसारखे होते. पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी, हे ज्या आकड्याने सांगतात त्याला सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, समुद्राचा सुमारे ८, आणि ताज्या सिमेंटच्या पाण्याचा १२ च्या वर असतो. हा फरक दिसावयास चारच अंकांचा आहे. पण दर अंकाला अल्कधर्म दसपट वाढत असल्यामुळे तो खरोखर दहा हजार पटींचा ठरतो. अशा पाण्यात मासा जगणे शक्य नाही.

म्हणून खडक गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवतात आणि दर काही दिवसांनी पाणी बदलतात. हा क्रम चार ते आठ आठवडे, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ चालतो. मीठ निघून जाते, चुना हळूहळू धुतला जातो, आणि त्याचा काही भाग हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पुन्हा चुनखडीचे रूप घेतो. ताज्या पाण्यात एक दिवस ठेवूनही सामू साडेआठाच्या वर चढेनासा झाला, म्हणजे खडक निर्धोक झाला असे समजतात. येथे उतावीळ करणाऱ्याचे सारे श्रम वाया जातात.

यानंतरही खडक निर्जीवच असतो. दुधाला विरजण लावावे, त्याप्रमाणे जुन्या, स्थिरावलेल्या पेटीतील खडकाचा एखादा तुकडा त्याच्याजवळ ठेवतात. त्यावरील जीवाणू नव्या खडकाच्या छिद्रांत पसरू लागतात. काही आठवड्यांनी पाण्यात अमोनिया व नायट्राइट आढळेनासे झाले, की मगच पहिला मासा आत सोडतात. खडकावर प्रथम तपकिरी थर धरतो, मग हिरवे शेवाळ येते, आणि काही महिन्यांनी गुलाबी व जांभळ्या रंगाच्या कठीण सागरी वनस्पती त्यावर पसरतात. मग हा खडक समुद्रातला की घरातला, हे ओळखणे कठीण जाते.

हीच विद्या मोठ्या प्रमाणावर समुद्राच्याही उपयोगी पडली आहे. मन्नारच्या आखातातील वान बेट झिजून लहान होत चालले होते. २०१५ च्या सुमारास त्याच्या रक्षणासाठी छिद्रे ठेवलेले सिमेंटचे मोठे ठोकळे समुद्रतळावर बसविण्यास प्रारंभ झाला. त्यांनी लाटांचा जोर कमी केला, माशांना आसरा दिला, आणि काही काळाने प्रवाळही त्यांच्यावर वस्तीस आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सिमेंट हे चुनखडी आणि माती तापवून तयार करतात, आणि जगातील पुष्कळशी चुनखडी प्राचीन समुद्रांतील शिंपल्यांच्या व जीवांच्या सांगाड्यांपासूनच बनलेली आहे. तेव्हा घरी घडविलेला हा खडक म्हणजे समुद्राचीच जुनी ठेव होय. माणसाचे हात तिला एका दिवसात आकार देऊ शकतात. पण तिच्यात जीव येण्यासाठी त्याला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. ज्याने असा एक खडक स्वतः घडविला आणि त्याच्यासाठी इतका धीर धरला, त्याला समुद्रातील खऱ्या प्रवाळभित्तीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. तिच्यावर घाव घालण्यास त्याचा हात सहसा उचलणार नाही.