संकरित कुत्रा अधिक निरोगी असतो का?

राजारामपुरीच्या गल्ल्यांतून हिंडताना कुत्र्यांकडे जरा निरखून पाहा. एखाद्याचे डोके लॅब्रॅडॉरसारखे रुंद, पण शेपूट गावठी कुत्र्यासारखे वर वळलेले दिसेल. असे पिल्लू देताना "क्रॉस आहे, आजारी पडायचे नाही," असे हमखास सांगतात. हे कितपत खरे?

एका प्रसिद्ध संकराचे उदाहरण घेऊ. हवाई बेटांवरील एका अंध बाईंना वाट दाखवणारा कुत्रा हवा होता. पण त्यांच्या यजमानांना कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. पूडल जातीचे कुरळे केस फारसे गळत नाहीत. म्हणून १९८९ साली ऑस्ट्रेलियात वॅली कॉनरॉन यांनी लॅब्रॅडॉर व पूडल यांचा संकर घडवला. तीन पिल्लांपैकी एकच त्या गृहस्थांना चालले. म्हणजे सख्खी भावंडेही सारखी निघाली नाहीत! हाच 'लॅब्रॅडूडल'.

आता आरोग्याकडे वळू. पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते. काही लॅब्रॅडॉर जोरात धावल्यावर मागचे पाय लुळे पडून कोसळतात. हा विकार अप्रभावी जनुकामुळे होतो. दोन्ही प्रती सदोष असल्या तरच तो दिसतो. पूडलमध्ये हे जनुक सहसा नसते. त्यामुळे संकरित पिल्लू बचावते. संकराचा फायदा तो हाच.

पण दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक अप्रभावी विकार दोन्ही जातींत आढळतो. खुब्याच्या सांध्याचा दोषही दोन्हींत आहे. तेथे संकर कसा वाचवणार? ब्रिटनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये लॅब्रॅडूडलसह तीन संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. सुमारे ८७ टक्के तुलनांत आजारांच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

आता वही घ्या आणि चार घरांची चौकट आखा. धावताना कोसळणाऱ्या लॅब्रॅडॉरचे लॅब्रॅडूडल पिल्लू स्वतः धडधाकट असते. पण एक सदोष प्रत त्याच्यात लपलेली असते. अशाच दोन पिल्लांची पुढे जोडी जमली तर? चारांपैकी एका घरात दोन्ही सदोष प्रती एकत्र येतील. पहिल्या पिढीत लपलेला विकार दुसऱ्या पिढीत पुन्हा डोके वर काढू शकतो.

तेव्हा पिल्लू घरी आणण्यापूर्वी 'कोणता क्रॉस?' एवढेच विचारून थांबू नका. आईवडिलांचे डोळे, सांधे तपासले आहेत का, हेही विचारा. आणि लस विसरू नका. रेबीजचा विषाणू जात पाहत नाही.