दारू सोडायचीय? ‘एए’ची मीटिंग अशी शोधा

माळ घातली, देवाची शपथ घेतली, पोळ्याला परत सुरू. आपल्याकडं हे घरोघरी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’च्या मीटिंगला फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आडनाव कोणी विचारत नाही, पहिल्या दिवशी नुसतं ऐकत बसलं तरी चालतं. ओळखीच्यांची लाज वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यातली मीटिंग धरा. पत्ता एएच्या वेबसाइटवर बघा किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबरही मोफत आहे. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका वेगळ्या. एक मात्र ध्यानात ठेवा: रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टर. आणि मीटिंग संध्याकाळची असली तर परतीची शेवटची एसटी कधी, ते बघूनच निघा.