परकोटाच्या आतली ओढ

राजापेठ चौकात कुणालाही विचारा, पाहुण्याला काय दाखवावं? उत्तर ठरलेलं आहे : "अमरावतीत काय हाये पाह्यासारखं? चिखलदऱ्याले घेऊन जा ना भाऊ!" चिखलदरा आहेच तसा. अकराशे मीटरच्या वर उंची, शेजारी गाविलगड, खाली मेळघाटचं जंगल. पण या उत्तरात एक आख्खं शहर वगळलं जातं. माणसाला अनोळखी गावात पाय का ओढून नेतात, याचा अभ्यास ज्यांनी केला त्यांचं म्हणणं वाचलं, की नेमकं हेच वगळलेलं शहर डोळ्यांपुढे उभं राहतं.

केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांना आपल्या शहराचा नकाशा आठवणीतून काढायला सांगितलं. 1960 साली त्यावर पुस्तक आलं. लोकांच्या मनातलं शहर पाच गोष्टींनी बनतं, असं त्याला दिसलं : रस्ते, कडा, मोहल्ले, चौक आणि दुरून ओळखू येणाऱ्या खुणा. या गोष्टी जिथे ठसठशीत असतात ते शहर मनात राहतं. जर्सी सिटीच्या लोकांना तर आपल्या शहराचं वेगळेपण सांगतानाच अडखळायला झालं होतं. म्हणजे गर्दी, इमारती, रस्ते सगळं असूनही एखादं शहर मनात उमटतच नाही!

आता अमरावतीकडे बघा. लिंचला जी 'कडा' म्हणायची होती, ती इथे दगडात बांधलेली आहे. कापसाच्या व्यापाराने इथे पैसा आला आणि पैशामागोमाग पेंढाऱ्यांची भीती. व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजामाच्या राजवटीत 1807 च्या सुमारास परकोटाचं काम सुरू झालं. वीस ते सव्वीस फूट उंच भिंत, सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या म्हणजे लहान दारं, असं त्याचं वर्णन जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. रक्षण करण्याजोगं काय होतं, तेही तिथेच सापडतं. 1842 साली इथल्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून तो रस्त्याने कलकत्त्याला पाठवला, असं सांगितलं जात असे. रेल्वे यायच्या आधी, वऱ्हाडातून थेट कलकत्ता! तो तांडा एखाद्या गावावरून जायला किती दिवस लागले असतील, याचा अंदाज करत बसावंसं वाटतं.

सव्वादोन मैल म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर. घेर गोल धरला तर आतलं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा किलोमीटरही भरत नाही. पायी पंधरा मिनिटं! आणि इथे चालण्याचं गणित फार सुंदर आहे. माणूस ताशी पाचेक किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला जवळपास दीड मीटर. बाजारातला दहा फुटी गाळा दोन-सव्वादोन सेकंदांत मागे पडतो आणि पुढचा समोर येतो. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी चांगल्या रस्त्याची खूण सांगितली ती अशीच : चालणाऱ्याला दर पाच सेकंदांनी काही तरी नवं दिसावं. जुन्या बाजाराच्या अरुंद गाळ्यांनी ही कसोटी कुणी मांडण्याच्या कितीतरी आधी पार केली होती. रुंद रस्ता आणि काचेची लांबलचक भिंत मिनिटभर एकच चेहरा दाखवते, म्हणून तिथे चालणाऱ्याला कंटाळा येतो.

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो दरवाजांचा. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने माणसाला कोणतं दृश्य आवडतं हे तपासलं. पुढे गेलो तर आणखी काही कळेल, असं सुचवणारं दृश्य माणसाला ओढतं, असं त्यांना आढळलं. वळणारी वाट, अर्धवट दिसणारं अंगण. जवाहर गेटच्या कमानीतून दिसतो तो असाच, थोडासा दिसणारा आणि बराचसा लपलेला बाजार. एका खिडकीचं तर नावच खुनारी. जवळच झालेल्या मोठ्या रक्तपातावरून ते पडलं म्हणतात. अशा दारासमोर उभं राहून आत न डोकावणारा माणूस विरळाच. परक्याला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली भिंत दोनशे वर्षांनी परक्यालाच आत बोलावते, हे मला विलक्षण वाटतं.

अर्थात नुसत्या दगडांनी भागत नाही. गाव स्वतः जिथे जमतं, तिथे पाहुण्याचाही जीव रमतो. नवरात्रात राजकमल चौकातून गांधी चौकाकडे आणि तिथून अंबादेवीकडे लोटणारी माणसं कुणी पर्यटकांसाठी जमत नाहीत. श्रीकृष्णाने रुक्मिणीचं हरण केलं ते याच देवळातून, असं इथली श्रद्धा सांगते. त्याच देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून 1927 साली सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, तिच्या पुढाकारात पंजाबराव देशमुख होते. 1897 ची काँग्रेस याच शहरात भरली. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये देशी खेळ दाखवून आले. एवढ्याशा गावात एवढं सगळं!

एप्रिल 2025 पासून बेलोरा विमानतळावर मुंबईचं विमान उतरू लागलं आहे. येणारे वाढतील, आणि त्यांच्यासाठी एखादा भव्य पुतळा किंवा थीम पार्क उभारण्याची कल्पना निघायला वेळ लागणार नाही. माझ्या मते त्याआधी परकोटाची भिंत टपऱ्यांतून आणि फलकांमागून मोकळी करावी, दरवाजांवर चार ओळींची माहिती लावावी आणि आतले दोन रस्ते संध्याकाळपुरते फक्त चालणाऱ्यांना द्यावेत. खर्च कमी आहे आणि जे दाखवायचं ते तयारच आहे.

तोवर तुमच्याकडे पाहुणा आला तर चिखलदऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशीची ठरवा. पहिल्या संध्याकाळी त्याला राजापेठेतून पायीच निघू द्या. जवाहर गेटमधून आत न्या, अंबागेटमधून बाहेर काढा, देवीचं दर्शन घडवा आणि गिला वडा खाऊ घाला.