तांबडा दिवा आणि तेलाचा पंप

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता मुरबाड आणि सरळगाव ओलांडून टोकावड्याला येतो. टोकावडे, वैशाखरे व मोरोशी ही गावे मागे पडली की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि चढ व वळणे सुरू होतात. समजा, तुम्ही एका मोटारीतून हा घाट चढत आहात. एका वळणावर चालकासमोरच्या फलकावर तांबडा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. त्या दिव्यावर तेलाच्या झारीचे चित्र आहे. पुढच्या वळणावर तो पुन्हा लागतो. चालक म्हणतो, “काही नाही, जरा तेल कमी असेल. वर मढला पोहोचलो की पाहू.”

चालकाचे म्हणणे बरोबर आहे का? याचे उत्तर देण्यासाठी आपल्याला एंजिनाच्या पोटात शिरून तेथील एक लहानसा पंप पाहावा लागेल.

तेल कशासाठी?

बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. वंगण नसेल तर चाक करकरते, आस तापतो आणि झिजतो. पण बैलगाडीचे चाक मिनिटाला फार तर पंधरा-वीस फेरे घेते. मोटार वेगात असताना तिच्या एंजिनाचा मुख्य दंड, म्हणजे भुजादंड किंवा क्रँकशाफ्ट, मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०! शिवाय दट्ट्यांवर पेटलेल्या वायूचे जे धक्के बसतात, तेही या दंडालाच सोसावे लागतात.

हा दंड ज्या पोलादी कवचात फिरतो त्याला धारवा किंवा बेअरिंग म्हणतात. दंड आणि बेअरिंग यांच्या व्यासांतील फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजतात. लहान मोटारीत तो साधारणपणे ०.०५ मिमी.च्या आसपास असतो, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढा. एवढ्याशा फटीत तेलाचा पातळ थर असतो आणि तोच धातूला धातूपासून दूर ठेवतो. तेलाची आणखीही कामे आहेत. ते उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे कण धुऊन काढते आणि दट्ट्याभोवतीची फट बुजविण्यास मदत करते.

दंड तेलावर तरंगतो

येथे एक शंका यावयास हवी. इतक्या जोराचे धक्के बसत असता तेल फटीतून पिळून बाहेर का जात नाही? त्याचे उत्तर एका अपघाती शोधातून मिळाले. १८८३ च्या सुमारास टॉवर नावाचा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. आसाचा खालचा भाग तेलात बुडलेला होता. वरून तेल सोडण्यासाठी टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले! त्याने भोकाला बूच मारले, ते निघून आले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तेथे दाबमापक बसविला. तो दर चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंत दाब दाखवू शकत होता, पण त्याचा काटा शेवटच्या खुणेपलीकडे गेला. बेअरिंगवरच्या भाराचा सरासरी दाब मात्र याच्या निम्माच होता.

हा दाब कोणी निर्माण केला? फिरणाऱ्या आसानेच. आस फिरताना आपल्या पृष्ठभागाला चिकटलेले तेल ओढत नेतो आणि ते पाचरीसारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कोंबतो. कोंडलेल्या तेलात दाब वाढतो आणि भार उचलला जातो. या घटनेचे गणित ऑसबर्न रेनल्ड्झ या शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये मांडले. भर पावसात पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या मोटारीची चाके कधीकधी रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतात आणि गाडी घसरते. तत्त्व तेच! रस्त्यावर ते घातक, एंजिनात मात्र जीवनदायी.

म्हणजे दंडाला उचलून धरण्याचे काम पंप करीत नाही, ते दंड स्वतःच करतो. पण यासाठी एक अट आहे. बेअरिंगच्या दोन्ही कडांतून तेल सतत गळत असते. जेवढे गळेल तेवढे नवे तेल क्षणोक्षणी मिळाले पाहिजे. ते पुरविणे हे पंपाचे काम.

पंपाची रचना

एंजिनाच्या तळाशी पन्हाळीसारखे एक भांडे असते. गॅरेजातील मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात. लहान मोटारीच्या चेंबरमध्ये साधारण ३ ते ४ लिटर तेल मावते. तेलात बुडालेल्या नळीच्या तोंडाशी जाळी असते आणि ही नळी पंपाला जोडलेली असते.

पंपाचा जुना व सोपा प्रकार म्हणजे दंतचक्रांचा पंप. घट्ट बसणाऱ्या पेटीत दोन सारखी दंतचक्रे एकमेकांत दाते अडकवून फिरतात. एकाला एंजिनाकडून गती मिळते आणि ते दुसऱ्याला उलट दिशेने फिरवते. तेल या दोन चक्रांच्या मधून जाते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. जेथे दाते एकमेकांतून सुटतात तेथे जागा मोकळी होऊन दाब कमी होतो आणि चेंबरमधील तेलावर असलेला हवेचा दाब तेलाला तेथे ढकलतो. हे तेल दोन दात्यांमधल्या खाचांत भरून पेटीच्या भिंतीला लागून, बाहेरच्या बाजूने पलीकडे जाते. तेथे दाते पुन्हा एकमेकांत शिरतात आणि खाचांतले तेल बाहेर लोटतात. मध्ये दाते गुंतलेले असल्यामुळे तेलाला माघारी येता येत नाही. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या केप्लर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खाणीतील पाणी उपसण्यासाठी असाच झडपा नसलेला पंप सुचविला होता.

आजच्या बऱ्याच मोटारींत एकात एक बसणाऱ्या दोन चक्रांचा पंप असतो. आतल्या चक्राला बाहेरच्यापेक्षा एक उंचवटा कमी असतो, त्यामुळे दोहोंमधल्या पोकळ्या फिरताना मोठ्या व लहान होत जातात. रचना निराळी, तत्त्व तेच.

आता थोडे गणित करू. समजा, पंप दर फेऱ्याला १० घन सेंमी. तेल देतो आणि मिनिटाला १,५०० फेरे करतो. म्हणजे मिनिटाला १५ लिटर तेल निघाले. चेंबरमध्ये ४ लिटर तेल असेल, तर ते सगळे तेल एका मिनिटात जवळजवळ चार वेळा एंजिनातून फिरून येते.

पंप दाब देतो का?

होळीची पिचकारी आठवा. पुढचे टोक पूर्ण उघडे असेल तर दांडा सहज सरकतो. टोकावर बोट ठेवून थोडीच फट ठेवली की जोर लावावा लागतो. पंपाचेही असेच आहे. पंप देतो तो प्रवाह. दाब उत्पन्न होतो तो त्या प्रवाहाला गाळणी, बारीक वाटा आणि बेअरिंगच्या फटी यांनी केलेल्या अडथळ्यामुळे. एंजिन तापलेले असून मंद चालत असता हा दाब दर चौरस सेंमी.ला १ किलोग्रॅमच्या आसपास व वेगात ३ ते ४ किलोग्रॅम असतो. तो फार वाढू नये म्हणून पंपाजवळ स्प्रिंगची झडप असते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि जादा तेल परत पाठविते.

म्हणून तेलाचा दाब रक्तदाबासारखा आहे. तो नुसता पंपाची नव्हे, तर साऱ्या यंत्रणेची प्रकृती सांगतो. दाब उतरण्याची कारणे पाहा:

१. चेंबरमध्ये तेल कमी. वळणावर ते बाहेरच्या बाजूला आणि चढावर मागच्या बाजूला सरते. नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो.
२. तेल पातळ झालेले. फार तापल्याने किंवा त्यात पेट्रोल मिसळल्याने असे होते.
३. बेअरिंग झिजून फटी रुंदावलेल्या. पंप चांगला असूनही दाब टिकत नाही.
४. जाळी चिकट गाळाने तुंबलेली.
५. पंपाची चक्रे वा पेटी झिजलेली, किंवा झडप उघडीच अडकलेली.

निगा कशी राखावी?

गाडी सपाट जागी उभी करून एंजिन बंद करावे आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. मग तेलाची मोजपट्टी बाहेर काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरणेही वाईट, कारण फिरता दंड ते घुसळतो, फेस होतो आणि फेसातील हवेने थर तुटतो.

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल घालावे. ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेला काळ, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा तेल आणि गाळणी बदलावी. नुसत्या काळ्या रंगावरून तेल खराब ठरवू नये, डिझेल एंजिनात ते लवकरच काळे होते. जुने तेल ओढ्यात ओतू नये. या भागातले ओढे काळू नदीला मिळतात आणि थोडे तेलही पाण्यावर दूरवर पसरते. ते डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

एंजिन नुकतेच सुरू झाले असता जोराने पळवू नये, तेल सगळीकडे पोहोचण्यास काही सेकंद लागतात.

पंप उघडणे हे जाणत्या मिस्त्रीचे काम. चक्र व पेटी यांमधली फट तो पातळ पात्यांच्या मापकाने पाहतो आणि ती पुस्तिकेतील मापापेक्षा वाढली असेल तर पंप बदलतो. नवा पंप बसविताना त्यात आधी तेल भरतात, कारण कोरड्या पंपाला सुरुवातीस तेल नीट ओढता येत नाही.

दिव्याची भाषा

आता त्या घाटात परत येऊ. दिव्याचा स्विच तेलाची पातळी पाहत नाही, दाब पाहतो. आणि तो सहसा दाब दर चौरस सेंमी.ला अर्ध्या किलोग्रॅमच्याही खाली गेल्यावरच दिवा लावतो. म्हणजे तांबडा दिवा “तेल कमी होत आहे” असे सांगत नाही, “तेल पोहोचत नाही” असे सांगतो! त्यानंतर एक मिनिट जरी गाडी तशीच वेगात चालविली, तरी दंड ३,००० फेरे घेतो. थर तुटला की बेअरिंगचा मऊ धातू वितळू लागतो, दंडावर चरे पडतात आणि एंजिन जाम होते, तेही एखाद्या अवघड वळणावर.

तेव्हा चालकाचे म्हणणे चूक आहे. मढपर्यंत जावयाचे नाही. पहिल्या सुरक्षित रुंद जागी गाडी कडेला घेऊन एंजिन लगेच बंद करावयाचे, मग मोजपट्टी पाहावयाची. तेल कमी असेल तर घालावे आणि एंजिन सुरू करून दिवा विझतो का ते पाहावे. पातळी योग्य असूनही दिवा जळत असेल तर एंजिन पुन्हा सुरू करू नये, मिस्त्रीला बोलवावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. किल्ली फिरविताच, एंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर रखवालदारच झोपला आहे, असे समजा.

करून पाहा: गॅरेजातून टाकून दिलेला दंतचक्रांचा पंप शिक्षकांच्या मदतीने मिळवा. तो तेलाच्या परातीत बुडवून हाताने फिरवा. मग बाहेर पडण्याच्या भोकावर अंगठा ठेवून फिरवा. दाब कोठून येतो, ते तुमचा अंगठाच तुम्हांला सांगेल.